वाघीण मोजून घ्या : २८ मिलिमीटरच्या सैन्याला साजेसे मालडबे

मी टेबलावर छोट्या बाहुल्यांच्या सैन्याने लढाया खेळतो, म्हणजे वॉरगेम. त्यासाठी घेतलेल्या पहिल्या मॉडेल वाघिणीच्या दारात २८ मिमीचा तुर्की शिपाई उभा केला, तर त्याचं डोकं दाराच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतच पोचलं. वाघीण देखणी होती. फळ्यांमधल्या खाचा, सरकत्या दाराची पट्टी, ब्रेकचा दांडा, सगळं जागच्या जागी. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘ओ स्केल, २८ मिमीच्या खेळाला एकदम योग्य’. टपालखर्च धरून जे पैसे गेले त्यात उंटस्वारांची अख्खी तुकडी आली असती. आणि एवढं करून शिपाई दिसत होता बापाचा कोट घालून लग्नाला आलेल्या पोरासारखा.

चूक विकणाऱ्याची होतीच, पण माझी जास्त होती. मी लेबल वाचलं, माप विचारलं नाही. पुढे हेजाझ रेल्वेवरच्या (दमास्कस ते मदिना, तुर्कांची) छाप्यांसाठी एक पूर्ण गाडी जमवली, ती करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण हेजाझचं असलं तरी हिशोब कुठल्याही रेल्वेला चालतो. (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा हे मराठी वाचकाला सांगायला नको. तरी ‘उद्या आपल्याकडे वाघीण येतेय’ असं घरात सांगताना जरा सांभाळून.)

घोळ कुठे आहे

रेल्वेचे शौकीन गुणोत्तरात बोलतात. एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खऱ्या डब्याचे ८७ मिलिमीटर मॉडेलवर एक मिलिमीटर होतात. यात वाद नाही. वॉरगेमर मात्र ‘२८ मिमी’ म्हणतो, आणि ते गुणोत्तर नसून माणसाची उंची असते. तीही कुठून कुठपर्यंत? बहुतेक मूर्तिकार तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. त्यात ‘हिरोइक’ घडणीची बाहुली असेल तर डोकं, हात आणि बंदूक मुद्दाम जाड केलेली असतात. म्हणून २८ मिमीचं गुणोत्तर कोणी १:५६ सांगतो, कोणी १:६०, कोणी १:६४. दुसऱ्या महायुद्धाच्या खेळातले २८ मिमीसाठीचे रणगाडे बहुधा १:५६ मध्ये येतात, त्यामुळे तोच आकडा रुळला आहे. मीही तोच धरतो.

रेल्वेच्या दुकानात १:५६ हे मापच नाही. एका बाजूला ओ स्केलचं १:४८, दुसऱ्या बाजूला एस स्केलचं १:६४ आणि आपण मधल्या खड्ड्यात. म्हणून ‘बरोबर स्केलची वाघीण’ शोधायला निघालात तर वर्षभर शोधत बसाल. शोधायची असते ती शिपायाशेजारी बरोबर दिसणारी वाघीण.

आधी शिपाई मोजा

व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर शाळेची पट्टी चालेल. ताठ उभा असलेला, टोपी फार उंच नसलेला शिपाई घ्या. गुडघ्यावर बसलेला नेमबाज किंवा तलवार उगारलेला अधिकारी इथे उपयोगाचा नाही. बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, जाडी सोडून तळपाय ते डोळा अंतर घ्या. खऱ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६०० मिमीवर असतो. त्याला तुमच्या आकड्याने भागा. २८ आला तर १:५७, ३० आला तर १:५३, जुन्या धाटणीच्या २५ मिमीच्या बाहुलीला १:६४. माझ्या तुर्कांचा आकडा २८.५ आला, म्हणजे १:५६ला खेटून. बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) उंटस्वार दुसऱ्या कंपनीचे, ते जरा किरकोळ निघाले, पण उंटावर बसलेल्याची उंची कोण मोजतो!

आता बेसची जाडीही मोजा. प्लास्टिकच्या गोल बेसमुळे शिपाई दोन-तीन मिलिमीटर उंच होतो. हा फरक आपल्या पथ्यावर पडतो. बेसवरचा शिपाई खऱ्या मापापेक्षा थोडा मोठा दिसतो, म्हणून वाघीण १:५६ पेक्षा किंचित मोठी असलेली खपून जाते. लहान असलेली मात्र खपत नाही. शिपाई दाराच्या चौकटीत अडकला की खेळणाऱ्यांत हसणारा एक तरी निघतोच.

तुमची लढाई कोणत्या रुळावर आहे?

पुष्कळ लोक इथेच चुकतात. ते २८ मिमीला ‘रेल्वे’ शोधतात, ‘कोणती रेल्वे’ हे ठरवतच नाहीत. युरोपातली प्रमाण रेल्वे १४३५ मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये तेवढं अंतर. जुनी रशियन १५२४. आपली ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००, पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे आणि शकुंतला ७६२, माथेरानची ६१०. या प्रत्येकीचे डबे वेगळ्या अंगलोटाचे. शकुंतलेच्या डब्यात बसलेला माणूस आणि राजधानीत बसलेला माणूस एकाच उंचीचा असतो, पण बाहेरून डब्याकडे पाहिलं तर माणसाचं प्रमाण पार वेगळं दिसतं.

हेजाझ रेल्वे १०५० मिमी गेजची. बैरूत ते दमास्कस ही फ्रेंचांची लाइन आधीपासून त्या मापाची होती, तिच्याशी जुळवून घेतलं. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या काळात १९०० साली काम सुरू झालं, जर्मन अभियंता माइसनर पाशाने ते पुढे नेलं आणि १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोचली. दमास्कसपासून सुमारे १३०० किलोमीटर. वर्गणी जगभरच्या मुसलमानांकडून आली, त्यात हिंदुस्थानातलीही होती. पहिल्या महायुद्धात अरब बंडखोर आणि त्यांच्यासोबतचे ब्रिटिश अधिकारी याच लाइनवर सुरुंग लावत फिरले. १९ सप्टेंबर १९१७ला मुदव्वरा स्टेशनच्या दक्षिणेला हल्लत अम्मार इथे टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या टोळीने दोन इंजिनांची गाडी उडवली, तो प्रसंग टेबलावर मांडायला फार सोयीचा आहे : पूल, टेकडी, दोन मशीनगन, एक उखळी तोफ आणि डब्यांच्या छपरावर वाळूच्या पोत्यांआड बसलेले शिपाई. आपल्या बाजूचे सैनिक रंगवायचे असतील तर याच रेल्वेचा हैफा ते दरा हा फाटा घ्या. २३ सप्टेंबर १९१८ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी, म्हणजे भालाईत घोडदळाने, हैफा घेतलं. दिल्लीतल्या तीन मूर्ती स्मारकात ज्या पलटणींचे शिपाई उभे आहेत त्यांतल्या या दोन.

आता गणित. १०५० भागिले ५६ म्हणजे १८.७५ मिमी. आपल्या टेबलावर दोन रुळांत इतकं अंतर हवं. बाजारात सर्वांत स्वस्त आणि मुबलक मिळणारा रूळ म्हणजे एचओ आणि त्याचा ब्रिटिश भाऊ ओओ (१:७६) यांचा, १६.५ मिमीचा. सव्वादोन मिलिमीटर कमी. खडी टाकली, गंज रंगवला, वर गाडी उभी केली की हे अंतर कोणालाही दिसत नाही. तुमचे शिपाई १:६४च्या जवळ असतील तर मजा बघा : १६.५ गुणिले ६४ म्हणजे १०५६. सहा मिलिमीटरच्या फरकाने हेजाझचं गेज!

हाच हिशोब इतरांसाठी. आपलं मीटरगेज १:५६ला १७.९ मिमी होतं, तिथेही १६.५चा रूळ चालतो. बार्शी लाइटसारखं ७६२चं गेज १३.६ होतं, त्याला टीटी या छोट्या स्केलचा १२ मिमी रूळ जवळचा. युरोपच्या प्रमाण गेजला २५.६ हवं, आणि इथे पंचाईत होते, कारण एस स्केलचा रूळ २२.५चा आणि ओचा ३२चा. ओ घेतला तर रूळ फताडा दिसतो. पण आपल्या ब्रॉडगेजला १:५६ला २९.९ लागतं, म्हणजे १८५७च्या किंवा फाळणीच्या काळातली आपली गाडी करायची असेल तर तोच ओचा फताडा रूळ जवळपास बरोबर! रशियन यादवी युद्ध खेळणाऱ्यांनाही ओचा रूळ युरोपवाल्यांपेक्षा कमी खुपतो.

दार खोटं बोलत नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वाघिणीची लांबी-रुंदी स्केलबद्दल काहीच सिद्ध करत नाही, कारण खऱ्या जगातही वाघिणी लहान-मोठ्या होत्या. माणसाच्या हाताला-पायाला लागणारे भाग मात्र सगळीकडे सारखेच असतात : दाराची उंची, पायरी, पकडायचा दांडा, ब्रेकचं चाक, गार्डाच्या डब्याची खिडकी. दार साधारण १.९ ते २.१ मीटर. १:५६ला ३४ ते ३७ मिमी. हे जमलं तर बाकीचं डोळा माफ करतो.

यातूनच आपल्या उपयोगाची पळवाट निघते. अमेरिकेत ‘ओएन३०’ नावाचा प्रकार आहे : १:४८ स्केल, पण ३० इंची, म्हणजे ७६२ मिमीच्या, छोट्या रेल्वेचं मॉडेल, आणि ते धावतं १६.५ मिमीच्या एचओ रुळावर. बाखमन कंपनीने या प्रकारात पुष्कळ डबे आणि इंजिनं काढली. लेबल १:४८चं, म्हणजे आपल्यापेक्षा सहाव्या हिश्शाने मोठं. पण मूळ डबाच अरुंद. समजा खरी ३० इंची वाघीण २.१ मीटर रुंद होती. मॉडेलवर ती ४४ मिमी झाली. आता त्याच ४४ला आपल्या ५६ने गुणा : २.४६ मीटर. म्हणजे आपल्या शिपायाच्या नजरेने ती छान मीटरगेजची वाघीण झाली. ‘चुकीचं’ स्केल आणि लहान मूळ डबा, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

उलट युरोपीय प्रमाण गेजची बंद वाघीण ब्रिटिश ओमध्ये, म्हणजे १:४३.५ला घेतली तर ती प्रत्येक दिशेने सव्वापटीहून मोठी आणि आकारमानाने दुपटीहून जास्त होते. सुमारे ९.३ मीटरचा खरा डबा मॉडेलवर २१४ मिमी, आणि आपल्या शिपायाच्या मापाने बारा मीटर! दोन मीटरचं दार ४६ मिमीचं होतं, म्हणजे त्याच्या लेखी अडीच मीटरहून उंच. माझी ती पहिली वाघीण.

बाजारात काय काय सापडतं

‘ओ’ हा शब्द ऐकला की लगेच विचारा, कोणता ओ. ब्रिटिश १:४३.५, जर्मनी आणि आसपासचा १:४५, अमेरिकन १:४८. तिन्हींचा रूळ एकच, ३२ मिमीचा. यातला अमेरिकन आपल्याला सर्वांत जवळचा. त्यातही लायनेलसारख्या कंपन्यांच्या जुन्या ‘ओ-२७’ प्रकारच्या गाड्या, ज्या मुलांच्या खेळण्यातल्या म्हणून बनवल्या, त्या १:४८ पेक्षा बऱ्याच आखूड आणि बुटक्या आहेत. शुद्ध स्केलवाले त्यांना नाकं मुरडतात. आपण मुरडू नयेत. टेबलावर शिपायाशेजारी त्या बऱ्याचदा ‘खऱ्या’ ओपेक्षा जास्त शोभतात.

एस स्केल १:६४. अमेरिकन फ्लायर हे त्यातलं जुनं नाव. डबे सुबक, पण अमेरिकन ४० फुटी बॉक्सकार एसमध्ये १९० मिमीची होते आणि वाळवंटातल्या तुर्की गाडीत ती अगदीच परकी वाटते. जुन्या अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरच्या गोळीबाराच्या खेळाला, काउबॉय वगैरे, ती चालेल.

जी स्केल, १:२२.५, बागेत धावणारी गाडी. स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात शिपाई नाही, बेडूक बसतो.

एचओ आणि ओओ यांचे डबे २८ मिमीला लहान पडतात यात शंका नाही. पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात एचओ गाड्या धावताना पाहिल्या असतील तर अंदाज येईल. आपला शिपाई त्या डब्याच्या जवळजवळ छपराला लागेल. पण त्यांची चाकं आणि सांगाडे सोन्यासारखे आहेत. ११ मिमी व्यासाचं एचओ चाक आपल्या मापाने ६१६ मिमीचं होतं, आणि लहान गेजच्या गाड्यांची चाकं तशीच छोटी असत. म्हणून मोडका, छप्पर हरवलेला, रंग उडालेला एचओ डबा दिसला की मी खालच्या भागासाठी घेतो.

तुमचं सैन्य २८चं नसेल तर थोडक्यात : २० मिमी किंवा १:७२ असेल तर ब्रिटिश ओओ डोळे मिटून घ्या, पाच टक्क्यांचा फरक आहे. १५ मिमीवाल्यांनी ट्राय-अँग कंपनीची १९५७ साली आलेली जुनी टीटी शोधावी. ती फुटाला ३ मिमी, म्हणजे १:१०१.६, आणि १५ मिमीच्या १:१०० रणगाड्यांना चपखल बसते. हल्लीची टीटी मात्र १:१२०ची आहे, नाव तेच. १० मिमीला एन, म्हणजे ब्रिटिश १:१४८ किंवा इतरांचा १:१६०. ६ मिमीला झेड घेतात, ती तिसऱ्या हिश्शाएवढी मोठी पडते, पण त्या मापात दुसरं हाताशी फारसं नाही.

विकणाऱ्याला काय विचारायचं

आपल्याकडे हे सामान बहुधा परदेशातून, जुनं म्हणून येतं. परत पाठवणं परवडत नाही, म्हणून सगळी चौकशी पैसे देण्याआधी. मी पाच मापं मागतो : बफर (टोकांचे धक्के झेलणारे दांडे) सोडून नुसत्या पेटीची लांबी, पेटीची रुंदी, दाराची उंची, दाराची रुंदी आणि चाकांचं गेज. सोबत पट्टी ठेवून काढलेला एक समोरून फोटो. ‘स्केल काय?’ हा प्रश्न मी आता विचारतच नाही. त्याचं उत्तर नेहमी आत्मविश्वासाने येतं आणि निम्म्या वेळा चूक असतं. ओ, ओओ आणि एचओ यांत एका अक्षराचा फरक, त्यामुळे लिहिणाऱ्याचं बोट घसरलं की तुमच्या घरी निम्म्या आकाराचा डबा येतो.

एक नमुना सोडवून दाखवतो. उत्तर आलं : लांबी ११५, रुंदी ४४, दार ३८ उंच आणि २९ रुंद, गेज १६.५. प्रत्येकाला ५६ने गुणायचं. लांबी ६.४४ मीटर, रुंदी २.४६, दार २.१३ बाय १.६२, गेज ९२४ मिमी. लहान गेजच्या चार चाकी बंद वाघिणीला हे सगळं शोभतं. दार वरच्या हद्दीला टेकलेलं आहे, पण बेसची जाडी ते भरून काढते. घ्यायला हरकत नाही.

दाराची रुंदी का विचारतो? कारण आपला शिपाई २५ मिमीच्या गोल बेसवर उभा आहे. दार २५ पेक्षा अरुंद असलं तर तो आत जाऊच शकत नाही, आणि मग खेळात ‘डब्यातून उतरले’ हे नुसतं तोंडी सांगावं लागतं. पेटीची आतली रुंदीही अशीच तपासा. उघड्या वाघिणीत दोन शिपाई शेजारी शेजारी बसवायचे तर आत ५० मिमी लागतात. हेजाझच्या मापाच्या डब्यात ते जमणार नाही. एकच रांग उभी राहील. मी उघड्या वाघिणीतल्या शिपायांचे बेस काढूनच टाकले आणि त्यांना फरशीला चिकटवलं. ते कायमचे प्रवासी झाले.

पुठ्ठ्याची वाघीण

पैसे पाठवण्याआधी आणखी अर्धा तास काढा. विकणाऱ्याने दिलेल्या मापांची पेटी पुठ्ठ्यातून कापा. मी बुटांच्या खोक्याचं झाकण वापरतो. ११५ बाय ४४ची फरशी, चाळीस मिमीच्या भिंती, एका भिंतीत दाराचं भोक. छपराला वहीचं कव्हर वाकवा. रुळापासून फरशी वीस मिमीवर हवी, म्हणजे खऱ्या हिशोबात एक मीटरच्या थोडं वर. त्यासाठी काडेपेट्या एकावर एक नका रचू, त्या उंच पडतात. आडवी एक ठेवा आणि कमी पडेल तेवढी पुठ्ठ्याची चकती घाला. आता शिपाई शेजारी उभा करा, एक दारात उभा करा, एक छपरावर. तीन फूट मागे सरका, कारण खेळताना तुमचा डोळा तिथेच असतो. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंग गेला की प्रमाणातली चूक लगेच डोळ्यात खुपते.

शिपायाच्या छातीशी फरशी आली तर ठीक. कमरेखाली आली तर वाघीण बुटकी. नाकाशी आली तर तुम्ही प्रमाण गेजचा मोठा डबा घेताय.

वाघीण घरी आल्यावर

अमेरिकन डब्यांना मुठीसारखे कपलर, म्हणजे डबे जोडायचे आकडे, असतात. ते कापून टाका आणि बारीक साखळी लावा. छपरावरची चालायची फळी हीसुद्धा अमेरिकन खूण, पातळ पात्याने सोलून काढता येते. तिच्या जागी पोती ठेवणार असाल तर तेवढेही कष्ट नकोत. पोत्यांसाठी एम-सील. दोन्ही भाग मळून दोऱ्यासारखी लांब वळी करायची, दहा-अकरा मिमीवर तुकडे पाडायचे, किंचित चेपायचे आणि जुन्या मोज्याच्या कापडाने दाबायचे. विणीचा ठसा उमटतो आणि पोतं पोत्यासारखं दिसतं. रचताना मात्र मळल्यापासून वीस मिनिटांत उरका, नाहीतर दगड हातात.

दार अजूनही थोडं उंच वाटलं तर उंबऱ्याला आडवी फळी लावा. तीन मिमीची पट्टी दाराची उंची तेवढीच कमी करते आणि वर ‘घोडे घसरू नयेत म्हणून’ असं कारणही सांगता येतं.

छप्पर सुटं ठेवा. चिकटवलं की आतले शिपाई, दारूगोळा, सोन्याच्या पेट्या, सगळं नुसतं कल्पनेत राहतं.

नाहीच मिळाली तर घरीच

खरं सांगायचं तर माझ्या गाडीतल्या चारपैकी दोन वाघिणी घरी बनलेल्या आहेत आणि पाहुणे त्यांनाच हात लावतात. खाली जुन्या एचओ डब्याचा चार चाकी सांगाडा. त्यावर सनबोर्डची (हलक्या फोमच्या फळीची) पेटी. बाहेरून आइस्क्रीमच्या काड्या. काडी दहा मिमीची, म्हणजे आपल्या मापाने अर्ध्या मीटरहून रुंद फळी, तेवढी रुंद फळी कोणी वाघिणीला लावत नाही. म्हणून काडीवर बोथट सुरीने लांबीत दोन चिरा मारायच्या. एका काडीच्या तीन फळ्या होतात, प्रत्येकी सव्वातीन मिमीच्या, खऱ्या हिशोबात अठरा सेंटिमीटर. कोपऱ्याचे खांब काडेपेटीच्या काड्यांचे, गूल कापून. लोखंडी पट्ट्या कार्डपेपरच्या, त्यावर फेविकॉलचे सुईच्या टोकाने ठेवलेले ठिपके म्हणजे रिव्हेट. फेविकॉल वाळल्यावर जरा चपटा होतो, म्हणून ठिपका दोनदा द्यावा लागतो.

सांगाडा हलका असेल तर फरशीखाली दोन वॉशर चिकटवा. नाहीतर टेबलाला धक्का लागला की गाडी सुरुंगाशिवायच उलटते.

रूळ आणि इंजिन

एचओचा लवचिक रूळ ९१४ मिमीचा, म्हणजे एक यार्डाचा येतो. दोन जोडले की बरोबर सहा फूट, टेबलाची लांबी. पण एचओच्या रुळावर स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) फार दाट आणि बारीक असतात, आपल्या शिपायाच्या पावलाला दोन-दोन येतात. एकाआड एक स्लीपर कापून काढा आणि उरलेले सरकवून अंतर सारखं करा. पेको कंपनी १६.५ मिमीचाच रूळ ओ स्केलच्या लहान गेजसाठीही काढते, त्याचे स्लीपर रुंद आणि विरळ असतात. परवडला तर तोच घ्या, कापाकापी वाचेल.

हेजाझवर लाकूड दुर्मिळ, म्हणून बहुतेक स्लीपर पोलादी होते. रंग तपकिरी लाकडाचा नको, गंजाचा द्या, वर धूळ. लॉरेन्सच्या टोळ्या या स्लीपरच्या मधोमध पोटाखाली थोडी स्फोटकं ठेवून ते वर उचकटायच्या. रूळ फुलासारखे वर वाकायचे, त्याला ते ‘ट्यूलिप’ म्हणत. एक फालतू तुकडा पकडीने तसा वाकवून ठेवा. खेळात तुर्कांची दुरुस्तीची गाडी आली की हा तुकडा मांडायचा आणि शिपाई तो बदलेपर्यंत गाडीने दोन पाळ्या थांबायचं.

इंजिनाचं तंत्र वाघिणीचंच, फक्त महाग. एचओचं छोटं, सहा चाकी टँक इंजिन घ्या, त्याची केबिन कापा आणि चौतीस मिमी दाराची नवी मोठी केबिन बसवा. धुराडं थोडं उंच करा. बॉयलर बारीक, केबिन ऐसपैस, ही लहान गेजच्या इंजिनाची ओळखच आहे, त्यामुळे फसवणूक पचते. मोटर चालते की नाही याची फिकीर करू नका. आमच्या खेळात गाडी एका पाळीत बोटाने नऊ इंच सरकते, आणि तेवढ्यात सुरुंगाचा फासा पडतो.

सहा फुटी टेबलावर इंजिन आणि तीन-चार वाघिणी बस्स. ११५ मिमीच्या चार, मधल्या साखळ्या, १७०चं इंजिन, एकूण साडेसहाशेच्या आसपास होतं. त्याहून लांब गाडी केली की इंजिन पुलावर आणि शेपूट अजून टेबलाच्या कडेला, छापा घालायला मोकळं वाळवंटच उरत नाही.

त्या पहिल्या वाघिणीचं काय झालं? विकायला काढली होती, गिऱ्हाईक आलं नाही. मग चाकं काढली, पेटी थेट जमिनीवर ठेवली आणि तिला स्टेशनामागचं गोदाम केलं. रेल्वेवाले जुन्या डब्यांच्या पेट्या अशाच खाली उतरवून कोठी म्हणून वापरतात. दारापुढे पंधरा मिमी उंचीची पोत्यांची भिंत रचली. आता तोच तुर्की शिपाई त्या भिंतीवर पहाऱ्याला उभा असतो आणि त्याची टोपी चौकटीला टेकते.